पोषणाच्या जागतिक बैठकीला युवा प्रतिनिधी म्हणून जाताना

युवा दूत आणि युवा प्रतिनिधी हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि पहिली चूक तिथेच होते. दूत हा संस्थेचा चेहरा असतो. तो महाविद्यालयांत बोलतो, निधी जमवायला हातभार लावतो, मोहीम लोकांपर्यंत नेतो. प्रतिनिधीच्या गळ्यात एका ठरावीक बैठकीचं ओळखपत्र असतं आणि त्या बैठकीच्या ठरावाच्या मसुद्यातले चार शब्द बदलून घेणं हे खरं काम असतं. दोन्ही कामं मोलाची आहेत, पण त्यांची तयारी वेगळी. इथे दुसऱ्या कामाबद्दल सांगतो आहोत.

होकार देण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: ओळखपत्र कोणाचं, खर्च कोण करणार आणि भाषणाचा मजकूर कोण तपासणार. देशाच्या शिष्टमंडळात असाल तर मसुद्याच्या बंद दाराआडच्या चर्चेत बसता येऊ शकतं, पण देशाच्या भूमिकेबाहेर एक शब्द बोलता येत नाही. स्वयंसेवी संस्थेकडून गेलात तर मोकळेपणाने बोलता येतं, मात्र तुमची पाळी राष्ट्रं बोलून झाल्यावर येते. खर्चाच्या प्रश्नावर अजिबात संकोच करू नका. बाळांच्या दुधाची पावडर किंवा बालआहार विकणारी कंपनी तिकीट काढत असेल तर सरळ नाही म्हणा. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने (जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांची वार्षिक बैठक) स्तन्यपर्यायांच्या, म्हणजे आईच्या दुधाऐवजी दिल्या जाणाऱ्या पदार्थांच्या, विक्रीबद्दलची आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली, भारताने १९९२ मध्ये त्यावर कायदा केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. या क्षेत्रातली माणसं प्रायोजकाचं नाव आधी बघतात आणि तुमचा मुद्दा नंतर ऐकतात.

बैठक कोणती, यावर मागणी ठरते. जिनिव्हाची जागतिक आरोग्य सभा मे महिन्यात भरते आणि उद्दिष्टं व ठराव ठरवते. रोमला ऑक्टोबरमध्ये जागतिक अन्नसुरक्षा समितीची बैठक असते. तिच्या नागरी संघटनांच्या मंचावर तरुणांचा वेगळा गट आहे. पोषणासाठीच्या निधीची वचनं मात्र ‘न्यूट्रिशन फॉर ग्रोथ’ परिषदांत दिली जातात. त्या लंडन (२०१३), मिलान (२०१७), टोकियो (२०२१) आणि पॅरिस (२०२५) इथे झाल्या. जिनिव्हात पैसे मागणं आणि पॅरिसमध्ये ठरावाची भाषा सुचवणं, दोन्ही वाया जातं. मराठी तरुणांसाठी आणखी एक दार आहे: ‘स्केलिंग अप न्यूट्रिशन’ या २०१० साली सुरू झालेल्या चळवळीत देशांबरोबर भारतातली चार राज्यंही सहभागी झाली, आणि महाराष्ट्र त्यांपैकी एक.

वेळेचं गणितही बहुतेकांचं चुकतं. जिनिव्हाच्या मे महिन्यातल्या सभेची विषयपत्रिका जानेवारीच्या शेवटी भरणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीत आकाराला येते, आणि पुष्कळ मसुदे तिथेच घडतात. मे महिन्यात पहिल्यांदा तोंड उघडलंत तर ते वरातीमागून घोडं. मागणीचा कागद डिसेंबरात तयार हवा.

आता आकडे. कुपोषण हा एक आकडा नाही. वयाच्या मानाने उंची कमी तो बुटकेपणा, उंचीच्या मानाने वजन कमी तो लुकडेपणा, वयाच्या मानाने वजन कमी ते कमी वजन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं बुटकी आढळली. देशाचा आकडा ३५.५, म्हणजे जवळपास तेवढाच. लुकडेपणा मात्र महाराष्ट्रात २५.६ टक्के आणि देशात १९.३. ‘महाराष्ट्रात ३५ टक्के कुपोषण’ असं म्हणणारा प्रतिनिधी राज्याचं सगळ्यात ठसठशीत दुखणंच झाकून टाकतो. पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या सरकारी नोंदणी ॲपचे आकडे या सर्वेक्षणाशेजारी मांडून ‘घट झाली’ असंही म्हणू नका. एक घरोघरी केलेलं नमुना सर्वेक्षण आहे, दुसरी अंगणवाडीत मोजल्या गेलेल्या मुलांची नोंद. ज्या मुलांतून टक्केवारी काढली तो छेदच वेगळा आहे.

जागतिक आकड्यातही अशीच खोच आहे. २०२४ साली जगात ४ कोटी २८ लाख मुलं लुकडी होती, म्हणजे ६.६ टक्के. हा एका वेळचा फोटो आहे. मुलं लुकडेपणात पडतात, बरी होतात, दगावतात, त्यामुळे वर्षभरात त्या अवस्थेतून जाणारी मुलं याहून जास्त असतात. २०१२ मध्ये ठरलेलं उद्दिष्ट होतं २०२५ पर्यंत ५ टक्क्यांच्या आत येण्याचं. आता मुदत २०३० पर्यंत वाढवली आहे.

आकडे पाठ करण्याआधी ते कसे जन्मतात ते पाहा. पर्यवेक्षिकेची परवानगी घेऊन अंगणवाडीत निदान तीन-चार वजनदिवस सेविकेशेजारी बसा. मेळघाट, जव्हार-मोखाडा किंवा नंदुरबार गाठलंच पाहिजे असं नाही, आपल्या वस्तीतली अंगणवाडी चालेल. दंडघेर, म्हणजे दंडाच्या मध्यावरचा घेर, ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांचा, डाव्या हाताचा घेतात. कोपर काटकोनात दुमडून खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये खूण करायची. मग हात सैल सोडून, बाही पूर्ण काढून पट्टी त्या खुणेवर गुंडाळायची. पट्टी सगळीकडून कातडीला टेकावी, पण दंड दाबला जाऊ नये. ११५ मिलिमीटरच्या खाली लाल, ते मूल सॅम (तीव्र कुपोषित, गंभीर अवस्था). ११५ पासून १२५ च्या आत पिवळा, मॅम (मध्यम कुपोषित). १२५ आणि त्यावर हिरवा. पट्टी आवळली की बरं मूल सॅममध्ये जातं, ढिली राहिली की आजारी मूल हिरव्यात. दुसरी चूक जास्त घातक, कारण त्या मुलाकडे पुन्हा महिनाभर कोणी बघत नाही.

उंचीतही घोळ होतो. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजतात, त्यापुढे उभं करून. लहान मुलाला उभं करून मोजलं असेल तर ०.७ सेंटीमीटर मिळवावे लागतात. हे राहून गेलं की उंचीच्या मानाने वजन उगाच चांगलं दिसतं. सूज तपासताना दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खळगा राहिला तर पट्टी काहीही सांगो, ते मूल सॅम. सुजेमुळे वजन वाढतं आणि नुसत्या वजनकाट्यावर विसंबलेला माणूस फसतो. दंडघेर आणि उंचीमानाने वजन या दोन कसोट्या पुष्कळदा वेगवेगळी मुलं पकडतात. म्हणून ‘फक्त पट्टी वापरा’ अशी सोपी मागणी करण्याआधी, तिने कोणती मुलं निसटतील याचं उत्तर तयार ठेवा.

उपचाराबद्दल बोलायचं तर सॅम मुलांना दिल्या जाणाऱ्या तयार उपचारात्मक आहाराची माहिती लागतेच. शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-खनिजं; ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० किलोकॅलरी; एका खोक्यात १५० पाकिटं. एका मुलाच्या सहा ते आठ आठवड्यांच्या उपचाराला साधारण एक खोकं लागतं, हे गणित देणगीदारांसमोर फार उपयोगी पडतं. पण भारताच्या वतीने बसला असाल तर थांबा. २०१७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने या पाकिटांच्या वापराविरुद्ध राज्यांना कळवलं होतं. आपल्याकडे ग्राम बाल विकास केंद्र आणि पोषण पुनर्वसन केंद्र ही उपचाराची साखळी आहे. ती नीट समजावून सांगता आली नाही, तर सुदान किंवा नायजरसाठी बरोबर असलेली मागणी तुम्ही चुकून महाराष्ट्राच्या नावाने मांडाल.

मागणी एकच ठेवा. ‘कुपोषण संपवा’ यावर कोणाला काहीच करावं लागत नाही. त्याऐवजी असं: ‘राष्ट्रांनी सॅम मुलांच्या उपचाराचा खर्च आरोग्याच्या नियमित अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षाखाली दाखवावा आणि बरी झालेली, उपचार अर्धवट सोडलेली व दगावलेली मुलं किती, हे दरवर्षी जाहीर करावं.’ मोजायला मापही तयार आहे: आपत्तीतल्या मदतकार्यासाठीच्या स्फिअर या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार बरं होण्याचं प्रमाण ७५ टक्क्यांवर, सोडून जाणारे १५ च्या आत आणि मृत्यू १० च्या आत हवेत.

बोलायला बहुधा एक-दोन मिनिटं मिळतात, आणि चर्चा लांबली तर तीही कापली जातात. मिनिटाला ११० शब्दांहून जास्त वेग धरला की दुभाषे मागे पडतात आणि सभागृहातला निम्मा श्रोता तुटतो. मजकूर दुभाष्यांना आधी द्या. सहा अधिकृत भाषांत मराठी-हिंदी नाहीत, त्यामुळे इंग्रजी मजकूर मोठ्याने, घड्याळ लावून वीस वेळा वाचा. पहिल्या वाक्यात विषयक्रमांक आणि संस्था, दुसऱ्यात मागणी, मग पुरावा. सभापतींच्या आभारात वीस सेकंद घालवून शेवटी मागणी ठेवणारे नेमके तिथेच बंद पडतात. पन्नास शब्दांत बसणारी आवृत्तीही खिशात असू द्या.

मसुद्यात चौकोनी कंसातले शब्द म्हणजे एकमत न झालेली जागा. तुमची ताकद तिथे लावा, बाकी परिच्छेदांवर वेळ घालवू नका. जिनिव्हातल्या भारताच्या स्थायी मिशनला अर्ध्या पानाचं टिपण आठवडाभर आधी पाठवा आणि त्यात हवे ते शब्द जसेच्या तसे लिहा. अधिकाऱ्याला उचलता येईल असं वाक्य हवं, भावना त्याच्याकडेही आहेतच.

मुलांचे फोटो हा आमच्या मते सगळ्यात काटेकोर पाळायचा भाग. उघडं, हाडं दिसणारं मूल पडद्यावर दाखवू नका. आईची संमती तिच्या भाषेत, फोटो कुठे दिसणार हे सांगून घ्या, आणि नकार दिला तरी उपचारावर परिणाम होणार नाही हे तिला पटलेलं असू द्या. चेहरा, नाव आणि गाव एकत्र कधीच नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांचा एकत्रित व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. विमा ३०,००० युरोंचा हवा. निमंत्रणपत्रातलं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव मध्ये येण्याच्या आपल्या पद्धतीमुळे इथे हमखास गोंधळ होतो.

परतल्यावर पंधरा दिवसांत, ज्या अंगणवाडीत शिकलात तिथे जाऊन काय मांडलं आणि काय मान्य झालं ते सेविकेला मराठीत सांगा. परिषदेत दिलेली वचनं ‘ग्लोबल न्यूट्रिशन रिपोर्ट’च्या उत्तरदायित्व नोंदीत सापडतात. तुमच्या मागणीशी जुळणारं वचन तिथून शोधा, त्याची मुदत वहीत लिहा आणि सहा महिन्यांनी संबंधित खात्याला पहिलं पत्र टाका.