घर भाड्याने देताना या चुका टाळा

घरमालक अशील समोर बसून भाडेकरूच्या तक्रारी सांगू लागला, की मी आधी त्याच्या हातातला करार मागून घेतो आणि शेवटचे पान पाहतो. तिथे दुय्यम निबंधकांच्या, म्हणजे सरकारी नोंदणी अधिकाऱ्यांच्या, नोंदणीऐवजी केवळ नोटरीचा शिक्का असेल, तर पुढची हकिगत मला बहुधा ठाऊक असते.

अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा आपल्याकडचा सर्वांत चिवट गैरसमज आहे. 1908 च्या नोंदणी कायद्याने एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली आणि त्यातूनच अकरा महिन्यांची ही पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र ती उपयोगाची नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याची केवळ परवानगी देणारा करार, त्याची मुदत कितीही असली तरी तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण खरी मेख त्याच कलमात आणखी एके ठिकाणी आहे: नोंदणीकृत करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले याबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, मान्य केले जाते.

या एका वाक्याची किंमत माझ्या एका अशिलाने मोजली. निवृत्त शिक्षक, पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि ‘घरातलीच वाटणारी माणसं’ म्हणून ठेवलेले एक जोडपे. एजंटने स्टँप पेपरवर अकरा महिन्यांचा मजकूर छापून आणला, नोटरी झाली, भाडे अठरा हजार ठरले आणि तेही सरांच्या आग्रहावरून रोख. मुदत संपल्यावर जोडप्याने घर तर सोडले नाहीच, उलट भाडे नऊ हजारच ठरले होते, डिपॉझिट पन्नास हजार नव्हे तर तीन लाख दिले होते आणि मुदत तीन वर्षांची होती, असे लेखी उत्तर दिले. सरांकडे पावत्या नव्हत्या, बँकेत नोंद नव्हती आणि एजंटचा फोन बंद. दीड वर्षाने तडजोड झाली, तेव्हा न घेतलेल्या डिपॉझिटपैकी एक लाख सरांनी ‘परत’ केले. “सर, नोंदणी का केली नाहीत?” असे मी विचारले, तर म्हणाले, “एजंट म्हणाला, उगाच खर्च.”

तो खर्च किती, ते पाहा. दरमहा वीस हजार भाडे, एक लाख परतीचे डिपॉझिट आणि अकरा महिने असा हिशेब धरला, तर एकूण भाडे आणि डिपॉझिटवरील दहा टक्के वार्षिक दराने काढलेले व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के, म्हणजे पावणेसहाशे रुपयांच्या आसपास मुद्रांक शुल्क होते. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या ई-नोंदणी होते. एवढे वाचवण्यासाठी पन्नास-साठ लाखांचे घर पणाला लावणाऱ्या माणसाची मला आता कीवही येत नाही.

दुसरी चूक उतावळेपणाची. मुदत संपली की काही मालक भाडेकरूचे पाणी तोडतात किंवा तो गावी गेलेला पाहून कुलूप बदलतात. याने घर रिकामे होत नाही. भाडेकरू पोलिसांत तक्रार करतो, न्यायालयातून मनाई हुकूम आणतो आणि मूळचा दोष आपला नसतानाही आपण आरोपीसारखे उभे राहतो. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या जागेसाठी याच भाडे नियंत्रण अधिनियमातील कलम 24 चा सरळ मार्ग आहे. सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूला बचावाची परवानगी मागावी लागते आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. नोंदणीकृत करार हातात असला की हा मार्ग झपाट्याने सरकतो. नसला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवतो.

भाडे रोखीने घेऊ नये. एवढ्या एका सवयीने माझी निम्मी कामे कमी होतील. पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवणे टाळू नये. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीने बिनभोगवटा शुल्क मागितले, तर ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक नाही ना, हे तपासावे.

करारासोबत पंखे, गिझर, नळ आणि चाव्यांची यादी मी नेहमी जोडतो, आणि घर ताब्यात देताना काढलेली छायाचित्रे त्याच दिवशी दोन्ही पक्षांना पाठवायला लावतो. घर परत घेतानाही तसेच: मीटरचे रीडिंग, किल्ल्यांची संख्या आणि डिपॉझिटमधून कापलेल्या रकमेचे कारण एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि मगच उरलेली रक्कम बँकेतून पाठवावी.