फिरती आण्विक क्षेपणास्त्रं : चर्चा करताना या चुका टाळा

सप्टेंबर 2025 मध्ये भारताचं अग्नी-प्राइम क्षेपणास्त्र रेल्वेवरच्या प्रक्षेपकातून उडालं, की लगेच 'आता शत्रूची खैर नाही' सुरू झालं. पहिली चूक इथेच होते. क्षेपणास्त्र चाकांवर ठेवल्याने त्याचा पल्लाही वाढत नाही आणि संहारशक्तीही. शत्रूने आधी घाव घातला तरी प्रत्युत्तराला काही शिल्लक राहावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचं धोरण असलेल्या भारताची तर सगळी भिस्त या शिल्लक राहण्यावर आहे.

'फिरतंय, म्हणजे सापडणारच नाही' हेही गृहीत धरू नका. दाखला 1991 च्या आखाती युद्धाचा दिला जातो. इराकची स्कड क्षेपणास्त्रांची फिरती प्रक्षेपकं शोधण्यात बलाढ्य हवाई दलांची दमछाक झाली, हे खरं. पण आजचे रडार उपग्रह रात्री आणि ढगांतूनही पाहतात. शिवाय सुमारे 50 टनांचं अग्नी-5 वाहणारी गाडी वाटेल त्या पुलावरून जात नाही, आणि शांततेच्या काळात अशा गाड्या बहुधा तळावरच उभ्या असतात. म्हणून गाडीच्या वेगापेक्षा, इशारा मिळाल्यावर ती किती लवकर तळ सोडते हे आधी विचारा.

माणसांना हिशेबाबाहेर ठेवू नका. 1979 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेवाडा आणि युटा या राज्यांत 200 एमएक्स ही आण्विक क्षेपणास्त्रं 4,600 निवाऱ्यांमध्ये फिरती ठेवायची योजना मांडली. गुरं राखणारे, पाण्याची चिंता असलेले स्थानिक आणि शेवटी युटात मोठा प्रभाव असलेलं मॉर्मन चर्चही विरोधात उभं राहिलं. 1981 मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी योजना गुंडाळली. पुढे 50 क्षेपणास्त्रं वायोमिंग राज्यातल्या, मिनिटमन या जुन्या क्षेपणास्त्रांच्या सायलोंमध्येच, म्हणजे जमिनीखालच्या स्थिर कोठारांतच गेली!

मला सर्वांत घातक वाटते ती चूक वेगळी आहे : तणावात गाड्या तळाबाहेर काढणं हे निव्वळ बचावाचं पाऊल मानणं. आपण जीव वाचवायला पांगतो. समोरच्याला ती हल्ल्याची तयारी दिसते, आणि तो घाई करतो. अमेरिका आणि सोव्हिएत संघाने 1991 च्या स्टार्ट या अण्वस्त्रकपातीच्या करारात यावर उपाय शोधला होता. फिरत्या प्रक्षेपकांसाठी ठरावीक क्षेत्रं आखली आणि सरावासाठी ती पांगवायची तर कळवायचं ठरलं. भारत-पाकिस्तानचा 2005 चा करार मात्र क्षेपणास्त्र चाचणीच्या आगाऊ सूचनेपुरता आहे. गाड्या तळाबाहेर पडण्याबद्दल त्यात काही नाही, आणि ही उणीव भरून काढण्याची मागणी आपण करायला हवी.