भाड्याने द्यायला फ्लॅट घेताय? आधी हा हिशेब मांडा

समजा, पुण्यात 50 लाखांचा रिसेलचा वन बीएचके भाड्याने द्यायला घ्यायचाय. एजंट म्हणतो, "भाड्यातूनच हप्ता सुटेल." टोकन देण्याआधी वही घेऊन बसा.

आधी पदरचे किती जातात ते पाहा. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या किमतीच्या 80 टक्के आहे. म्हणजे कर्ज फार तर 40 लाख, उरलेले 10 लाख तुमचे. त्यावर पुण्यात 7 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेतीन लाख, आणि नोंदणीचे 30 हजार. हे पैसे बँक सहसा देत नाही. (रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला भाव करारातल्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर शुल्क त्या भावावर लागतं.) दलाली आणि रंगकाम सोडून हे झाले 13 लाख 80 हजार.

आता भाडं. ते एजंटला विचारू नका. त्याच सोसायटीतल्या दोन-तीन भाडेकरूंना विचारा. वॉचमनशी बोललात तर किती फ्लॅट रिकामे पडून आहेत तेही कळतं. समजा, 16 हजार ठरले. वर्षातला एक महिना घर रिकामं धरा, बाकी 11 महिन्यांचे 1 लाख 76 हजार. त्यातून मेंटेनन्स 30 हजार, घरपट्टी 8 हजार, किरकोळ दुरुस्ती 15 हजार आणि सोसायटीचे ना-वापर शुल्क (स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याबद्दलचे) 3 हजार वजा करा. हे शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. सोसायटी जास्त मागत असेल तर ठामपणे नाही म्हणा. हातात उरले 1 लाख 20 हजार, महिन्याला 10 हजार.

साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी 40 लाखांचा हप्ता येतो साधारण 34,700. म्हणजे दरमहा जवळपास 25 हजार पगारातून भरायचे. हे जमणार असेल, आणि नोकरीत सहा महिन्यांचा खंड पडला तरी हप्ता थकणार नसेल, तरच पुढे जा. भाव वाढेल या आशेवर हा खड्डा बुजवू नका. आधी कर्ज थोडं कमी करता येतं का ते बघा.

मग कागद. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याची परवानगी) आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला पाहा. मागच्या 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे घराची मालकी आणि बोजा यांचा तपास, स्वतःच्या वकिलाकडून घ्या. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना 1 टक्का टीडीएस (त्याच्या नावावरचा आयकर) कापून सरकारकडे भरणं तुमच्याकडे असतं.

शक्य असेल तर घर जुलैत बघा. मी माझा फ्लॅट मार्चमध्ये पाहिला, भिंतींना ताजा रंग होता. पहिल्याच पावसाळ्यात बेडरूमची बाहेरच्या बाजूची भिंत फुगली, पोपडे गादीवर पडले आणि भाडेकरू दिवाळीआधीच गेला. उन्हाळ्यात जावंच लागलं तर बाथरूमच्या छताकडे टॉर्च मारा आणि खिडकीखालच्या भिंतीवर तळहात ठेवून ओल लागते का बघा.