सोन्यातली क्रीटची लिरा: पदक कसं घडवायचं

गळ्यात घालायला ग्रीक वाद्याचं पदक हवं म्हणून कोणी नागपूरच्या इतवारीत माझ्याकडे आलं, की मोबाइलवर फोटो बहुतेक बुझुकीचाच असतो. मी नाही म्हणतो. बुझुकीला तारांच्या तीन नाहीतर चार जोड्या. इंचभर सोन्यात त्या नुसत्या रेघोट्या दिसतात. वरून लांब दांडा ओढणीत अडकून वाकणार.

त्यापेक्षा क्रीट बेटावरची लिरा घ्या. नासपतीसारखी फुगीर, तारा तीनच. गुडघ्यावर उभी धरून गजानं वाजवतात आणि आपल्या सारंगीसारखी नखं तारेला बाजूनं लावतात. (कासवाच्या पाठीची, छेडून वाजवायची प्राचीन लिरा वेगळी. चित्र शोधताना तीच आधी समोर येते.)

सोनं 18 कॅरेट. 22 कॅरेटची बारीक तार लवकर दबते. उंची 30 मिलिमीटर, पत्रा 0.4 मिलिमीटर धरला तर वजन पाच ग्रॅमच्या आसपास बसतं. आधी कागदावर खऱ्या मापात काढून घ्या.

पाठ खळग्याच्या ठोकळ्यात ठोकून फुगवा. पत्रा कडक लागला की तापवून नरम करा. पुढचा पत्रा सपाट. त्यात घोडीच्या (तारा उचलून धरणाऱ्या पट्टीच्या) दोन्ही बाजूंना अर्धगोल छिद्रं असतात, ती जोडकामाच्या आधीच कापा. नुसती कोरून भागवू नका. झाळताना (वितळत्या धातूनं जोड देताना) आतली हवा फुगते, तिला वाट लागते. बंद पोकळी फुटू शकते.

पहिले जोड कडक झाळीचे, तारांचे त्याहून लवकर वितळणाऱ्या झाळीचे, नाहीतर एक जोडताना दुसरा सुटतो. मे महिन्यात हे काम असेल तर कूलर बंद करा. घाम गाळावाच लागतो, वाऱ्यानं ज्योत स्थिर राहत नाही.

तार जंतरीतून (तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीतून) ओढून खुंटी, घोडी आणि तळाची पट्टी अशी तीन ठिकाणी झाळा. खरी घोडी उंच असते, इथे अर्धा मिलिमीटर पुरे. उंच ठेवली की केस अडकलेच.

जुन्या लिरेच्या गजाला तालासाठी बारीक घुंगरू असत. त्याचे मी कानातले करतो: गजाची बाकदार तार, खाली तीन घुंगरू, आत एकेक रवा, म्हणजे वाजणारा बारीक दाणा. चीर रव्यापेक्षा अरुंद ठेवा, नाहीतर रवा रस्त्यात पडेल आणि गिऱ्हाईक दुकानात येईल.

पदक रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवा. ब्रश तारांच्या दिशेनं फिरवा, आडवा नको. मग छिद्रं खाली करून पाणी निथळू द्या.