इंग्रजीतलं ‘हिज’ आणि ‘इट्स’: या चुका टाळा

1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये मिठाविषयी म्हटलंय, ‘इफ द सॉल्ट हॅव लॉस्ट हिज सेव्हर’. मिठाला ‘हिज’? इथे कुणी छपाईची चूक समजतं, तर कुणी चेतनगुणोक्ती शोधतं. दोन्ही टाळा. मराठी वाचकाला तर हे चटकन उमगावं. मुलगा, त्याची वही. मीठ, त्याची चव. पुल्लिंग असो की नपुंसकलिंग, आपली षष्ठी एकच. जुन्या इंग्रजीतही अगदी असंच होतं. ‘ही’ची षष्ठी ‘हिज’, आणि आज ज्याला ‘इट’ म्हणतात त्या ‘हिट’चीही ‘हिज’च.

पुढे इंग्रजी नामांचं व्याकरणिक लिंग गळून गेलं, ‘हिज’ पुरुषांना चिकटलं आणि वस्तूंना ते खटकू लागलं. मग ‘देअरऑफ’ने (म्हणजे ‘त्याचं’) काम भागवलं, कधी नुसतं ‘इट’ वापरलं. त्याच बायबलमध्ये लेवीय 25:5 मध्ये ‘इट ओन अकॉर्ड’ असं छापलेलं आहे. ‘इट्स’ छापील इंग्रजीत दिसू लागलं ते थेट सोळाव्या शतकाच्या अखेरीस. एवढ्या रोजच्या शब्दाचं वय इतकं कमी असावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

ॲपॉस्ट्रॉफीचा, म्हणजे अक्षराच्या वर येणाऱ्या स्वल्पविरामासारख्या चिन्हाचा, घोळ इथूनच सुरू होतो. मालकी दाखवणारं ‘इट्स’ पूर्वी ॲपॉस्ट्रॉफी लावूनही लिहीत. 1787 च्या अमेरिकी राज्यघटनेतही ते तसं सापडतं. त्या काळचा मजकूर उतरवताना ते ‘सुधारू’ नका. आपल्या लिखाणात मात्र ॲपॉस्ट्रॉफी नको, कारण आता ती ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’साठी राखलेली आहे. शंका आली तर ‘इट इज’ घालून वाक्य वाचा; अर्थ बिघडला तर चिन्ह काढा. ‘युअर्स’, ‘हर्स’, ‘देअर्स’ यांनाही ते लावायचं नाही.

आणखी एक समजूत फार जुनी आहे: नामाला लागणारा षष्ठीचा ‘एस’ म्हणजे ‘हिज’चं लघुरूप. तसं असतं तर राणीच्या मुकुटाला ‘क्वीन्स’ कसं म्हणता आलं असतं? तो ‘एस’ जुन्या इंग्रजीतल्या ‘एस्’ या षष्ठीच्या प्रत्ययातून आला आहे.

जुन्या मजकुरात ‘माइन आइज’ (माझे डोळे) वाचून त्याचं ‘माय’ करू नका. जुन्या इंग्रजीतलं मूळ रूप ‘मीन’. व्यंजनापुढे त्यातला ‘न’ आधी गळला, स्वरापुढे बराच काळ टिकला. आणि हे ‘मीन’ त्या काळी पुढच्या नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलायचं, आपल्या ‘माझा, माझी, माझे’सारखं.