जुलैचं दूध ऑगस्टच्या बिलात

ऑफर लेटरसोबत एचआरने मला जॉइन होण्यासाठी दोन तारखा दिल्या होत्या, 15 जुलै किंवा 22 जुलै. साल 2024. मी डोळे झाकून 22 घेतली, कारण 17 ला आषाढी होती. आमचं गाव पंढरपूर तालुक्यातलं, ओसरीत दरवर्षी दिंडीतली पंधरा-वीस माणसं उतरतात आणि आई एकटी किती भाकरी थापणार? कारण चांगलंच होतं. पण त्या आठवड्याची किंमत काय हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

घरून 28,000 रुपये घेऊन निघाले होते. पुण्यात वाकडच्या पीजीचं डिपॉझिट 7,500, जुलैच्या उरलेल्या दिवसांचे 2,500, मेसचे 3,000 आगाऊ. गादी, बादली, कुलूप, ऑफिसचे दोन ड्रेस, बूट यात 4,500 गेले. झेरॉक्स, मेडिकल, येणंजाणं धरून आणखी दीड हजार. हातात राहिले 9,000. मी वहीत नीट मांडलं होतं: 31 जुलैला दहा दिवसांचे साडेनऊ हजारांच्या आसपास येतील, 1 तारखेला भाडं 7,500, 5 तारखेला लॅपटॉपचा हप्ता 3,200. गणित अगदी बरोबर होतं. फक्त 31 जुलैला काहीच आलं नाही.

मला वाटलं खातं उघडताना काही चुकलं असेल. दोन दिवस लाजेत घालवले, तिसऱ्या दिवशी मेल केला. उत्तर दोन ओळींचं: पेरोल, म्हणजे पगाराचा हिशोब, 20 तारखेला लॉक होतं, तुमचे जुलैचे दिवस ऑगस्टच्या पगारात एरियर्स (मागची बाकी) म्हणून येतील. कंपनीचं काही चुकलं नव्हतं. मला माहीत नव्हतं, एवढंच.

इथे जरा थांबते, कारण याच गोष्टीसाठी लिहायला बसले आहे. पगाराच्या तारखा दोन असतात. एक, पैसे खात्यात पडतात ती, जी सगळे विचारतात. दुसरी, त्या महिन्याचा हिशोब बंद होतो ती, जी कुणी विचारत नाही. तिला कटऑफ म्हणतात. कुठे ती 20 असते, कुठे 25, कुठे आणखी काही. ती उलटल्यावर तुम्ही जॉइन झालात तर त्या महिन्याच्या यादीत तुमचं नावच नसतं. तुम्ही रोज नऊ तास बसत असता, आयकार्ड गळ्यात असतं, टीम लंचचा फोटोही निघालेला असतो, पण हिशोबात तुम्ही पुढच्या महिन्यात जन्माला येणार असता. माझा पहिला पगार 30 ऑगस्टला झाला, कारण 31 ला शनिवार होता. 22 जुलैपासून मोजा, 40 दिवस. ज्यांच्याकडे पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेला होतो, त्यांनी अशाच वेळी जॉइन केलं तर पहिला रुपया बघायला सात आठवडे लागू शकतात. दहा दिवसांचे पैसे बुडत नाहीत, हे खरं. पण मधल्या काळात घरमालकाला ‘एरियर्समध्ये येतील’ म्हणून बघा, काय तोंड करतो ते.

आबांना फोनवर हे समजवायला मी पाच मिनिटं धडपडले. पेरोल, लॉक, प्रोसेसिंग. ते म्हणाले, “म्हणजे तुझं दूध पुढच्या बिलात गेलं.” आमच्याकडे डेअरीचं बिल दहा दिवसांचं. 10 तारखेच्या संध्याकाळपर्यंत घातलेलं दूध या बिलात, 11 च्या सकाळचं पुढच्या. पुण्यात जे मला चार जणांना विचारूनही नीट कळलं नव्हतं, ते चौथी शिकलेल्या माणसाने एका वाक्यात सांगितलं.

म्हणून ऑफर स्वीकारायच्या आधी एचआरला एवढं लिहून विचारा: पेरोलची कटऑफ तारीख कोणती, पैसे कोणत्या तारखेला पडतात, आणि मी अमुक दिवशी जॉइन झाले तर त्या महिन्याचे दिवस त्याच महिन्यात मिळतील का. तीन प्रश्न. यात हावरटपणा काही नाही. मला वाटलं होतं की आधीच पैशाचं विचारलं तर काय म्हणतील. काही म्हणत नाहीत हो, ते दिवसातून दहा वेळा हेच सांगत असतात. कटऑफ जवळ असेल तर चार दिवस आधी जॉइन होता येतं का बघा. आणि ॲडव्हान्सची सोय आहे का तेही विचारा; काही ठिकाणी असते, पण आपण होऊन कुणी सांगत नाही.

कायदाही आहे. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा असतो. माहीत असू द्या. पण नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात संहिता हातात घेऊन एचआरच्या टेबलाशी कोण उभं राहणार आहे? मी तर नसते राहिले.

आता 5 ऑगस्ट. भाडं भरून खात्यात 1,500 होते, हप्ता 3,200 चा. हप्ता परत गेला. बँकेने 500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 590 कापले. मला वाटलं, झालं, संपलं. पण कर्ज देणारे तोच हप्ता पुन्हा टाकून बघतात. गुरुवारी सकाळी शेअर रिक्षात मेसेज आला, पुन्हा 590. खात्यात उरले 320, आणि हप्ता होता तिथेच. वर त्यांचा 500 रुपये दंड. म्हणजे 3,200 नव्हते म्हणून 1,680 गेले. मला आजही या आकड्याचा राग येतो.

हे टाळता येतं. खात्यात पैसे नसणार हे आठवडाभर आधी दिसत असेल तर कर्ज देणाऱ्यांना आधी फोन करा. तारीख पुढे ढकलून मिळते का विचारा, किंवा कुणाकडून तरी उसने घेऊन तेवढी एक रक्कम खात्यात ठेवा. भाडं पाच दिवस थांबू शकतं, मेस थांबू शकते, माणसं बोलून थांबतात. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता, ऑटो डेबिट, बोलून थांबत नाही. मी उलटं केलं, माणसाची भीड धरली आणि मशीनला गृहीत धरलं.

रूममेटने तेव्हा एक लोन ॲप दाखवलं, सात दिवसांत परत करायचं, दोन मिनिटांत पैसे. नका घेऊ. मला यावर दोन्ही बाजूंनी विचार वगैरे करायचा नाही. ॲपने तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो उघडायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच सांगितलंय; जे ॲप कॉन्टॅक्टची परवानगी मागतं ते तिथेच काढून टाका. क्रेडिट कार्डाच्या ‘मिनिमम ड्यू’ला, म्हणजे बिलाचा किमान भाग भरून बाकी पुढे ढकलण्याला, पण मी याच रांगेत बसवते. आणि पहिल्या पगाराचे अमुक टक्के इकडे, तमुक टक्के तिकडे असं शिकवणारे रीलवाले दादा! त्यांच्यापैकी एकानेही पहिला पगार येईपर्यंत काय खायचं ते सांगितलेलं मी ऐकलं नाही. माझं मत विचाराल तर ऑफिसात खरा गुरू एकच, पेरोलचं काम करणारी व्यक्ती. तिच्याशी ओळख करून घ्या.

घाबरवायचा हेतू नाही. एक हप्ता चुकल्याने कुणी आयुष्यातून उठत नाही. आबांनी दुधाच्या बिलातले 6,000 पाठवले, मी 10 तारखेला हप्ता आणि दंड भरला. मेसचा महिना 22 ला संपला तेव्हा मावशींना सांगायला गेले, घसा कोरडा पडला होता. त्यांनी वाढता वाढता वर न बघता विचारलं, “नवीन लागलीस ना गं? पगार झाला की दे. आमटी घालू का अजून?” त्यांच्या वहीत माझ्यासारखी सहा-सात नावं होती. राखीपौर्णिमेला गावी गेले नाही, राखी पोस्टाने पाठवली. एवढंच.

पगार किती पडेल, तेही आधी काढून ठेवा. माझं पॅकेज 3 लाख 60 हजार, म्हणून मी महिन्याला 30,000 धरून चालले होते. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटीचे सातशेवर आधीच बाजूला होतात, मग माझा पीएफ 1,800, व्यवसाय कर 200. हातात साडेपंचवीस. (महाराष्ट्रात बायकांना 25,000 पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, मी थोडक्यात रेषेपलीकडे.)

आणखी एक. पगाराचं खातं कंपनीने नव्या बँकेत उघडलं, हप्ता मात्र गावाकडच्या जुन्या खात्यातून जायचा. 4 सप्टेंबरला रात्री अकरा वाजता मला हे आठवलं, तेव्हा पलंगावरून उडीच मारली. पगार झाल्याच्या दिवशी हप्त्याचे पैसे जुन्या खात्यात टाकायचे, तेव्हापासून हीच सवय.

30 ऑगस्टला दुपारी कँटीनमध्ये मेसेज आला. स्लिपवर वेगळी ओळ होती, एरियर्स, 10 दिवस. मिळून तेहतीस हजारांच्या आसपास. आधी मावशींचे 3,000 दिले, मग आबांना 6,000 पाठवले. वाटलं होतं, ते म्हणतील राहू दे, तुझ्याकडेच ठेव. त्यांनी निमूट ठेवून घेतले आणि विचारलं, “आता पुढचं बिल किती तारखेला?”