पुण्यात नोकरी लागली, राहायचं कुठे? भाग निवडायची पद्धत

ऑफर लेटर हातात पडलं की बहुतेक मुलंमुली फोनवर ॲप उघडतात, 'वन बीएचके, अमुक बजेट' असं टाकतात आणि फ्लॅटचे फोटो चाळायला लागतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिले काही दिवस एकही फोटो पाहू नका. आधी भाग पक्का करा, घर नंतर शोधा. मॉड्युलर किचन फोटोत दिसतं. सकाळी पावणेनऊला वाकडच्या चौकात लागलेली रांग दिसत नाही, आणि मे महिन्यात गेटवर उभा राहणारा टँकरही दिसत नाही. पुण्यातल्या तुमच्या रोजच्या जगण्यावर जास्त परिणाम या दोन गोष्टींचाच होतो.

खाली जो क्रम दिला आहे त्याच क्रमाने जा. भाड्याचा विचार मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे.

१. ऑफिसचा नेमका पत्ता मिळवा

'हिंजवडी' एवढ्यावर काही ठरवता येत नाही. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या फेज १ मध्ये ऑफिस असणं आणि फेज ३ मध्ये असणं यात गर्दीच्या वेळी मोठा फरक पडतो. फेज ३ माण आणि म्हाळुंगेच्या बाजूला आत आहे. हायवेवरून उतरल्यावर तिथे पोहोचायला आणखी बराच वेळ लागतो. त्यामुळे एचआरला सरळ चार गोष्टी विचारा. कोणता फेज किंवा कोणती इमारत? शिफ्ट किती वाजता? आठवड्यातून किती दिवस यावं लागेल? आणि कंपनीची बस आहे का, असेल तर कुठून सुटते?

शेवटचा प्रश्न चाकण, तळेगाव किंवा रांजणगावच्या कारखान्यात लागलेल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. तिथे आधी बसचे थांबे समजून घ्या आणि थांब्यापासून पायी जाता येईल असं घर बघा. निगडी, प्राधिकरण, भोसरी, मोशी हे भाग चाकण-तळेगावला जाणाऱ्यांना चांगले पडतात. पहाटेच्या शिफ्टला रिक्षा शोधत फिरायची वेळ येऊ नये.

मुलींनी आणखी एक विचारावं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना त्यांच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं, आणि घराच्या दारापर्यंत वाहन देण्याची जबाबदारी मालकाची असते. तुमच्या कंपनीची गाडी कोणत्या भागांपर्यंत सोडते ते घर ठरवण्याआधी कळलं पाहिजे.

२. मधले चौक मोजा

पुण्यात किलोमीटर मोजून काही कळत नाही. मुळा आणि मुठा या नद्या, त्यांच्यावरचे मोजके पूल, मुंबई-बेंगळुरू हायवे आणि काही ठरावीक चौक यांवर इथला सगळा वेळ ठरतो. पश्चिमेला वाकड चौक, भूमकर चौक, चांदणी चौक आणि नवले पूल, मध्ये विद्यापीठ चौक, पूर्वेला मुंढवा चौक, हडपसर गाडीतळ, खराडी बायपास आणि अख्खा नगर रोड. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाडला, २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे रस्ते आणि पूल खुले झाले. तिथला प्रवास सुधारला, पण गर्दीच्या वेळी हायवे अजूनही हायवेच आहे.

माझा नियम सोपा आहे. घर आणि ऑफिस यांच्या मध्ये अशा चौकांपैकी जास्तीत जास्त एक यावा. दोन आले तर तो भाग यादीतून काढा, भाडं कितीही कमी असो.

हिंजवडीला ऑफिस असेल तर वाकड, ताथवडे, पुनावळे, बालेवाडी, बाणेर, पिंपळे निलख आणि औंध या पट्ट्यात बघा. खराडीला असेल तर चंदननगर, वडगाव शेरी, विमाननगर, कल्याणीनगर. मगरपट्ट्याला असेल तर हडपसर, मांजरी, मुंढवा. वाघोलीत राहून हिंजवडी, किंवा पुनावळ्यात राहून मगरपट्टा, हे रोज करायचं काम नव्हे. 'मित्र तिकडे राहतात' म्हणून असा उद्योग करणारे पुष्कळ आहेत. मित्र शनिवारी भेटतील. ऑफिस आठवड्यातले पाच दिवस आहे.

मेट्रोने या हिशेबात खराखुरा फरक पाडला आहे. वनाझ ते रामवाडी ही मार्गिका २०२४ च्या मार्चमध्ये पूर्ण झाली. त्यामुळे कोथरूड, नळस्टॉप किंवा डेक्कनला राहून येरवडा-कल्याणीनगरला नोकरी करणं आता जमण्यासारखं आहे. खराडीला मात्र रामवाडीपासून पुढे बस किंवा रिक्षा धरावीच लागते, तो वेळ आणि खर्च वेगळा मोजा. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही दुसरी मार्गिका २०२४ च्या सप्टेंबरपासून पूर्ण धावते. दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकावर एकमेकींना भेटतात. एकाच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या दोघांची ऑफिसं शहराच्या दोन टोकांना असतील तर शिवाजीनगरच्या आसपासचं छोटं, जुनं घरसुद्धा बाहेरच्या चकचकीत टॉवरपेक्षा सोयीचं पडतं. पण मेट्रोचं स्थानक घरापासून पायी दहा-बारा मिनिटांच्या आत हवं. एजंट 'स्टेशन जवळच आहे' म्हणाला तर चालून बघा. आणि 'इथे मेट्रो येणार आहे' याचे पैसे भाड्यात देऊ नका. गाडी प्रत्यक्ष धावते त्याच दिवसापासून ती तुमच्या उपयोगाची.

दोन-तीन भाग नक्की झाले की मंगळवार-बुधवारसारख्या कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेला, त्या भागातून ऑफिसपर्यंत स्वतः जा आणि संध्याकाळी परत या. रविवारी घर पाहायला गेलेल्या माणसाला पुणे फार प्रेमळ वाटतं. हिशेबही करून ठेवा. एका बाजूला पंचवीस मिनिटं जास्त लागली तर महिन्याच्या बावीस दिवसांत अठरा तासांहून जास्त वेळ रस्त्यावर जातो. तेवढ्यासाठी दोन-तीन हजार रुपये भाडं जास्त द्यावं लागलं तरी ते द्यावं असं माझं मत आहे.

३. पाण्याची चौकशी करा, आणि ती एजंटकडे नको

भाचीसाठी बाणेरच्या बाजूला एक फ्लॅट पाहायला गेलो होतो. हवेशीर, दुसरा मजला, एजंट म्हणाला 'चोवीस तास पाणी'. स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोंडावर मात्र पांढरा खरखरीत थर जमलेला होता, बाथरूमच्या काचेवरही तेच डाग. म्हणजे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी. खाली येऊन वॉचमन काकांना विचारलं, "टँकर किती येतात हो?" ते सहज म्हणाले, "आत्ता दोनवर भागतंय. एप्रिल-मेमध्ये पाच-सहा होतात." नोटीस बोर्डावर पाणी सोडायच्या वेळा लावलेल्या होत्या: सकाळी साडेसहा ते साडेआठ, संध्याकाळी सात ते नऊ. दहा मिनिटांत सगळं कळलं.

पुणे महापालिकेचं पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणसाखळीतून येतं. कोथरूड, डेक्कन, पेठा अशा जुन्या भागांत जलवाहिन्या पूर्वीपासून आहेत. महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस गावं आली. इमारती तिथे आधी उभ्या राहिल्या, पाण्याचं जाळं मागून येत आहे. वाघोली, उंड्री, पिसोळी, धायरीच्या बाजूला घर बघताना म्हणूनच टँकर गृहीत धरून प्रश्न विचारा. वाकड, पिंपळे सौदागर हे भाग पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतात, त्यांचं पाणी पवना धरणाचं. तिथे २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. सोसायटीची टाकी मोठी असेल तर ते जाणवत नाही, लहान असेल तर पहिल्याच आठवड्यात जाणवतं.

काय विचारायचं? महापालिकेचं कनेक्शन आहे का, उन्हाळ्यात रोज किती टँकर येतात, त्यांचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला आहे की वेगळा गोळा करतात, आणि पाणी किती वेळ सोडतात. हे वॉचमन, कामवाल्या मावशी आणि लिफ्टमध्ये भेटणारे रहिवासी यांना विचारा. घर भाड्याने गेल्यावर ज्याला पैसे मिळणार आहेत, त्याचं उत्तर धरू नका.

४. ओढा कुठे आहे ते पाहा

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वर ते दांडेकर पुलापर्यंत घरांत पाणी शिरलं. माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंग आणि तळमजले बुडाले. हे भाग वाईट आहेत असं मी म्हणत नाही, तिथे हजारो कुटुंबं नीट राहतात. पण नवीन माणसाला हा इतिहास कुणी आपणहून सांगत नाही.

नकाशावर इमारतीपासून नदी आणि ओढा किती लांब आहे ते बघा. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखलेल्या असतात. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पार्किंगच्या खांबांवर एका सरळ रेषेत ओलीचा जुना पट्टा दिसतो का, मीटरची पेटी अलीकडे वर उचलून बसवली आहे का, हे डोळ्यांनी कळतं. जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये, धो-धो पावसात भाग बघा. ओढ्याकाठचा तळमजला स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. दुचाकी तरी वरच्या पातळीवर लागली पाहिजे.

५. रात्री साडेनऊला एक फेरी मारा

हे दिवसा कळत नाही. बसथांबा किंवा मेट्रो स्थानकापासून इमारतीपर्यंत पायी चाला. रस्त्यावर दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का, बायका-मुली एकट्या चालताना दिसतात का? शेवटची खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. बांधकामाच्या पत्र्यांमधून जाणारा अंधारा रस्ता असेल तर इमारत कितीही सुंदर असली तरी सोडून द्या.

जेवणाची सोय याच फेरीत बघून घ्या. पोळी-भाजी केंद्र, मेस, डबा देणाऱ्या ताई, वाण्याचं दुकान, औषधांचं दुकान, एखादा साधा दवाखाना. रोज ॲपवरून जेवण मागवणारा पगार आणि पोट दोन्ही गमावतो. कर्वेनगर, कोथरूड, सदाशिव-नारायण पेठ या भागांत ही सोय पावलोपावली आहे, कारण विद्यार्थी तिथे कित्येक वर्षं राहत आले आहेत. नव्या टॉवरांच्या वस्तीत कधीकधी साध्या कोथिंबिरीसाठी गाडी काढावी लागते.

घरून काम असेल तर इंटरनेट कोणत्या कंपन्यांचं येतं आणि जनरेटर फक्त लिफ्टला आहे की घरातल्या दिव्यांनाही, हे विचारून घ्या.

६. आता भाडं

भाड्याच्या आकड्यात मेंटेनन्स, टँकरचा वाटा, पार्किंग आणि महिन्याचा प्रवासखर्च मिळवा. प्रत्येक भागासाठी अशी बेरीज केली की 'स्वस्त' वाटणारा भाग बऱ्याचदा स्वस्त राहत नाही. समजा, एके ठिकाणी भाडं १५ हजार आणि येण्याजाण्याचे ५ हजार, दुसरीकडे भाडं १८ हजार आणि येणंजाणं ८०० रुपयांत. दुसरं घर घ्या.

सुरुवातीला डिपॉझिट, एजंटची दलाली, गादी-गॅस असे एकदम पैसे जातात. पहिला पगार येण्याआधी तेवढी तजवीज नसेल तर दोन-तीन महिने ऑफिसजवळच्या पीजीत काढा. भाग कळायला तो काळ फार उपयोगी पडतो.

७. सोसायटी आणि करार

अविवाहितांना घर देतात का, पाहुणे किती वाजेपर्यंत चालतात, मांसाहारावर बंदी आहे का, हे टोकन देण्याआधी विचारा. मालक 'काही अडचण नाही' म्हणतो आणि सेक्रेटरीचं मत वेगळं निघतं, म्हणून सेक्रेटरींना स्वतः भेटा. घरमालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे नॉन-ऑक्युपन्सी शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. ते कोण भरणार ते आधीच बोलून घ्या.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क कराराच्या काळातल्या भाड्याच्या एकूण रकमेच्या ०.२५ टक्के असतं. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ते त्या रकमेत मिळवतात. २० हजार भाडं, ६० हजार डिपॉझिट आणि अकरा महिने असतील तर शुल्क साधारण ५६५ रुपये होतं, शिवाय शहरी भागात नोंदणीचे १००० रुपये. एजंट याहून फार मोठा आकडा सांगत असेल तर कशाकशाचे पैसे ते लिहून मागा. नोंदणी ऑनलाइन होते, भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचं कामही.

करारातला लॉक-इनचा काळ, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, मात्र नीट वाचा. शहरात पहिल्यांदाच राहायला येत असाल तर तो तीन महिन्यांवर आणा, नोटीस एक महिन्याची ठेवा, आणि डिपॉझिटमधून रंगकामाचे किती पैसे कापणार हा आकडा करारातच लिहून घ्या. किल्ली घेताना भिंती, नळ, गीझर आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा.